फुकटचं जळण

नगर मागे पडलं की जामखेडच्या रस्त्याला ‘चुलीवरची’ पाट्या सुरू होतात. चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहा. लेकीचं म्हणणं असं की आता फक्त चुलीवरचं आइस्क्रीम यायचं राहिलंय. जानेवारीत आजोळी निघालो होतो, केजच्या पुढे, आणि भूक लागली म्हणून अशाच एका पाटीपाशी थांबलो. हॉटेल नेहमीसारखंच, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर टीव्ही. पण दर्शनी बाजूला पाचटाचं छप्पर टाकून तीन चुली मांडलेल्या, गेरूनं सारवलेल्या, त्यावर रांगोळीची बोटं ओढलेली. मधल्या चुलीपुढे एक बाई भाकरी थापत होती. हिरवी नऊवारी, नाकात दाबाची नथ, आणि नऊवारीखालून डोकावणारे करडे पायमोजे. नऊवारी हॉटेलची आणि मोजे तिचे, हे विचारावं लागलं नाही. लेकीनं फोन काढला. ‘‘मावशी, जरा फुंकणी मारा ना.’’ तिनं मारली. विस्तव फुलला, धुराचा लोट छपराला लागून खाली वळला आणि लेक खोकत चार पावलं मागे आली. बाई जागची हलली नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘‘घरीपण चुलीवरच का?’’ तिनं वर न बघता तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवला. ‘‘छ्या. घरी गॅस हाय. दिवसभर हितं डोळं जाळल्यावर घरी कोन पेटवतंय चूल?’’

एका भाकरीला तीस रुपये लावले होते. मी दोन खाल्ल्या. छान होत्या.

गाडीत बसल्यावर ते वाक्य काही केल्या जाईना. मामीकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मामीचं स्वयंपाकघर म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला सिमेंटचा ओटा, त्यावर दोन बर्नरची शेगडी, शेगडीवर मेणकापड, मेणकापडावर पोह्या-शेंगदाण्यांचे डबे. ओट्याखाली गॅसची टाकी. आणि समोरच्या कोपऱ्यात जमिनीवर चूल, तिच्या शेजारी वैल, आणि चुलीपुढे पाटावर वहिनी. आम्ही आलो म्हणून डबे उतरले, मेणकापड निघालं आणि चहा गॅसवर झाला. वहिनीनं लायटर दोनदा झाडला, पेटला नाही, मग तिनं चुलीतली जळती तुराटी आणून बर्नर पेटवला. तिला यात काही वेगळं वाटलं नाही. चहा होताच तिनं नॉब फिरवला, खाली वाकून टाकीचाही कॉक बंद केला, आणि परत पाटावर जाऊन बसली. भाकऱ्या व्हायच्या होत्या. आम्ही धरून नऊ माणसं.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की गावाकडच्यांना चुलीवरच्या चवीची सवय असते. शहरातल्या माणसाला हे कारण फार सोयीचं आहे. त्यात त्यांचा मान राहतो, आपलीही सुटका होते, आणि पाट्यांवर तेच लिहिलेलं असतं. मी मामीला तसं म्हटलं. ती हसली. ‘‘चव कशाची माय! भाकर ती भाकर. गॅसवर जाळी ठिवली की तितं बी टम फुगती. पर दोन वक्ताच्या मिळून तीस भाकरी होत्यात. त्या गॅसवर केल्या तर टाकी ईस दिवस टिकत नाही. आन् पानी? सहा मानसांचं न्हायचं पानी गॅसवर तापवलं तर गडी मानूस कपाळाला हात लावंल.’’ तिची वाटणी ठरलेली आहे. चहा, लेकरांचं दूध, रात्री अवचित आलेला पाहुणा, कुणाला ताप आला तर पेज, आणि पावसाळ्यात जळण भिजलं की वरण-भात, हे गॅसवर. भाकरी, कालवण, जनावरांचं आंबवण चुलीवर. अंघोळीचं पाणी न्हाणीमागच्या चुलाणावर. अशी वापरली की टाकी दोन-अडीच महिने जाते. मी विचार न करता ज्याला सवय म्हणत होते, तो चोख हिशेब होता.

आणि वाटणी तर आमच्याकडेही होतीच. माझा जन्म सत्तरचा, पुण्यातल्या वाड्यातला. आईकडे भुशाची शेगडी होती. वखारीतून लाकडाचा भुसा पोत्यानं आणायचा, पत्र्याच्या डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवतीनं भुसा मुसळीनं ठासायचा आणि मग बाटली अलगद फिरवत वर काढायची. भोक ढासळलं की पुन्हा पहिल्यापासून. बाटली धरायचं काम माझं होतं, म्हणून तो भुश्याचा आंबूस वास अजून नाकात आहे. डाळ-भात त्या शेगडीवर, पोळ्या वातीच्या स्टोव्हवर, पाहुणे आले की भर्रर आवाज करणारा पंपाचा स्टोव्ह, पाण्याला तांब्याचा बंब आणि बंबात वाड्यातल्या बदामाची पानंसुद्धा. गॅसला नंबर लावला होता. कितीतरी वर्षांनी तो लागला तेव्हा बाबांनी पेढे आणले, आणि आईनं पुढचे सहा महिने पंपाचा स्टोव्ह पुसूनपासून फडताळात तयार ठेवला. गॅस संपला तर? सिलिंडर एकच होता आणि दुसरा मिळायला किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकत नव्हतं. माझी आई मॅट्रिक होती, तिला धुराचा राग होता, नवऱ्याला पगार होता, तरी तिनं जुनं टाकलं नाही. फार काय, आज माझ्या ओट्यावर पाइपचा गॅस आहे, इंडक्शन आहे, मायक्रोवेव्ह आहे, गच्चीवर सोलर आहे आणि माळ्यावर एक सिलिंडर ‘असू दे’ म्हणून झोपलेला आहे.

या विषयाचे अभ्यासक पूर्वी एक शिडी काढायचे. खालच्या पायरीवर शेण आणि काटक्या, मग लाकूड, कोळसा, रॉकेल, गॅस आणि सर्वांत वर वीज. माणसाच्या हातात पैसे आले की तो पायरी चढतो आणि खालची सोडून देतो, असा समज. नंतर मेक्सिकोतल्या खेड्यांत घरोघरी पाहणी झाली तेव्हा कळलं की खालची पायरी कुणी सोडतच नाही, नवं येतं ते जुन्यावर रचलं जातं. मला हे वाचून हसू आलं होतं. आजीच्या माजघरातली उतरंड आठवली. मोठा रांजण खाली, त्यावर घागर, त्यावर मडकं, त्यावर लोटकं. रोज हात लागतो तो वरच्या लोटक्याला, पण खालचा रांजण काढला तर सगळी उतरंड कोसळेल. मामीच्या घरातला तो रांजण म्हणजे चूल.

पण हा रांजणही पूर्वीचा राहिलेला नाही, हे दुसऱ्या दिवशी रानात गेल्यावर दिसलं. आमच्या लहानपणी जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे जळणाची सुगी. कापसाची शेवटची वेचणी झाली की चिमट्यानं पऱ्हाट्या उपटायच्या, तूर बडवून झाली की तुराट्यांच्या पेंढ्या बांधायच्या, ज्वारी काढलेल्या वावरातली धसकटं गोळा करायची. घराच्या भिंतीला लागून छपरापर्यंत जळण रचलं जायचं आणि मुलगी बघायला येणारे पाहुणे ते तिरक्या नजरेनं मोजायचे. आता भोवताली सोयाबीन. सोयाबीनचं भुसकट चुलीत घातलं की कागदासारखं भपकन जातं, त्यावर पाणीसुद्धा कोमट होत नाही. जिथं ज्वारी आहे तिथं पीक निघालं की रोटाव्हेटर फिरतो, धसकटं मातीत जातात. जमिनीला ते बरं म्हणतात. चुलीचं काय, ते रोटाव्हेटरवाल्याला कोण विचारणार? ट्रॅक्टर आला तसे मामाचे बैल गेले. बैल गेले तसं शेण गेलं, आणि परसातला गोवऱ्यांचा हुडवा कंबरेएवढा झाला. उरली ती वेडी बाभूळ. ओढ्याच्या कडेनं, गायरानात, बंद पडलेल्या विहिरीभोवती ती माजलेली आहे. काटा असा की चपलेतून आरपार जावा. गावात कुणाचाही कोयता फिरला तरी तिची राखण करायला कुणी उभं राहत नाही, म्हणून ती सगळ्यांची. वहिनी दिवसाआड शेजारणीबरोबर कोयता आणि दोर घेऊन तिकडे जाते.

गोठ्यामागे अजून तो गोबर गॅसचा खड्डा आहे. मामानं ऐंशीच्या दशकात अनुदानावर बांधलेला, वर लोखंडी पिंप तरंगणारा. आम्ही सुटीत आलो की ते पिंप वर आलंय का खाली गेलंय ते बघायला धावायचो. निळी ज्योत, ना धूर, ना काजळी, आणि शेणाची मळी परत शेताला. कागदावर यापेक्षा गुणी वस्तू नाही. फक्त तिला रोज चार-पाच जनावरांचं शेण लागतं आणि शेणाइतकंच पाणी लागतं. आमच्या भागात दुष्काळात माणसं घागरी घेऊन टँकरपुढे उभी असतात, तिथं दोन-तीन बादल्या पाणी शेणात कालवायचं धाडस कोण करणार? मधे एक-दोन वर्षं पाऊस नव्हता तेव्हा खड्डा सुकला, पिंप गंजलं, आणि मग बैलच गेले. आता त्यात कोंबड्या अंडी घालतात.

मामीची टाकी आली ती उज्ज्वलातून, म्हणजे गरीब घरातल्या बाईच्या नावानं गॅसजोडणी देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून. मे २०१६मध्ये उत्तर प्रदेशातल्या बलियात ती योजना सुरू झाली तेव्हा शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आमच्याकडे चूल का गॅस यापेक्षा त्या चुलीवर ठेवायचं काय हा प्रश्न मोठा होता. मामीच्या नावानं कागद झाले ते त्यानंतर. फोटो निघाला. आठ कोटीवी जोडणी तर सप्टेंबर २०१९मध्ये मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. मामीची तक्रार योजनेवर नाही. तिची तक्रार ‘फुकट’ या शब्दावर आहे. जोडणीचे सोळाशे सरकारनं भरले, पण शेगडी आणि पहिली टाकी हप्त्यानं घेतलेल्यांचे हप्ते पुढच्या सबसिडीतून कापून जायचे. हे तिला कुणी समजेल असं सांगितलं नाही. ती बँकेत जाऊन पासबुक भरून आणायची आणि त्यात काही नसायचं. ‘‘खात्यात येतंय म्हनले. म्या तीनदा तालुक्याला गेले. जायला-यायला जेवढे लागले तेवढ्यात पाव टाकी आली आसती.’’ मग करोनात तीन टाक्या खरोखर फुकट मिळाल्या, आणि मामी सांगते की त्या तीन महिन्यांत घरात चूल फक्त पाण्यापुरती पेटली. त्यानंतर सबसिडी गायब. २०२३च्या मार्चमध्ये टाकी अकराशेच्या पुढे होती. दोनशे परत मिळायचे, पुढे तीनशे झाले, पण ते नंतर. टेम्पो बुधवारी गावात येतो तेव्हा सगळी रक्कम एकदम हातात लागते. सोयाबीन विकलं की ती असते. आषाढात नसते. मी महिन्याचा किराणा एका बोटानं मागवणारी बाई, मला हे ‘एकदम’ किती जड असतं ते कळायला वेळ लागला. सरपण चार काटक्यांनीही आणता येतं. टाकी चमच्यानं विकत मिळत नाही.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. रेशनकार्डावर गॅसचा शिक्का बसला की रॉकेल बंद व्हायचं. रॉकेलवर स्वयंपाक कुणी करत नव्हतं, पण सकाळी ओलसर लाकूड धरवायला झाकणभर ओतलं जायचं. आता वहिनी कशानं पेटवते ते मी पहाटे उठून पाहिलं. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, तुटक्या स्लिपरचा टाचेकडचा तुकडा. आधी काळा धूर येतो, मग पांढरा. गुजरातमधल्या खेड्यांत १९८१ साली कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकी संशोधकानं स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी यंत्रं लावली होती. त्यांच्या श्वासातून काय जातं ते तोवर कुणी नीट मोजलंच नव्हतं. आता आकडे आहेत. घरातल्या धुरानं २०२० साली जगात ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा मला पुण्यात भयंकर वाटतो. त्या पहाटे मात्र मी चुलीजवळ ऊब घेत बसले होते, थंडी मरणाची होती, वहिनीनं इंगळावर भाजलेलं वांगं माझ्याकडे सरकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

तरी दुपारी मी मामीला शिकवायला बसलेच. वही घेतली. ‘‘हे बघ मामी, वहिनी आणि तू मिळून दिवसाआड चार तास जळणाला देता. आठवड्याला चौदा तास, म्हणजे दोन दिवसांचा रोज. महिन्याला आठ दिवस. खुरपणीला बाईला तीनशे रोज धरला तर चोवीसशे रुपये झाले. टाकी त्याच्या निम्म्याच्याही आत. मग महाग काय पडतं?’’ मला माझ्या वहीचा अभिमान वाटत होता. मामीनं ओवा पाखडता पाखडता विचारलं, ‘‘मंग त्या आठ दिवसांचा रोज मला कोन देतंय? तू?’’

मी वही मिटली.

कारण खुरपणी-काढणीच्या दिवसांत काम असतं, तेव्हा त्या कामालाच जातात आणि त्याच दिवसांत गॅस जास्त जळतो. बाकीच्या दिवसांत बाईच्या तासाला गिऱ्हाईक नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही ते फुकट. गावात जळणाचा भाव कुणाला विचारा, ‘जळणाला काय पैसे पडतात व्हय?’ हेच उत्तर येईल, आणि ते गड्यांकडून आधी येईल. मामेभाऊ तिथंच खाटेवर मोबाइल बघत पडला होता. टाकी मामीच्या नावावर आहे, पण टेम्पोवाल्याला फोन त्याच्या मोबाइलवरून जातो. तो वाईट माणूस नाही. खताचं, पोराच्या फीचं, सगळंच त्याच्या डोक्यावर आहे. पण ‘गॅस जरा जपून वापरत जा’ हे वाक्य दोन दिवसांत मी त्याच्या तोंडून तीनदा ऐकलं, आणि ‘लाकूड जपून वापर’ एकदाही नाही. सगळं बोलणं होईपर्यंत वहिनी गप्प होती. मामी उठून पाखडलेला ओवा ठेवायला आत गेली तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘मला कुनी इचारलं आस्तं तर म्या कदीच चूल मोडली आस्ती, ताई.’’ मग तिनं दाराकडे पाहिलं आणि परातीतले तांदूळ निवडायला घेतले. दोघींचा हिशेब एकाच चुलीचा, पण धुराच्या बाजूला एकच बसते.

शेजारचं एक घर तेव्हा बंद होतं. कुलपावर धूळ होती. दिवाळी झाली की ते नवरा-बायको ऊसतोडीला जातात, गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यांचीही उज्ज्वलाची टाकी आहे, ती मामीच्या कणगीमागे ठेवायला दिलेली. तिकडे कोपीपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढे, तीन दगड मांडले की चूल होते. गेल्या वर्षी मी त्या शेजारणीला विचारलं होतं, टाकी बरोबर का नेत नाहीस? ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली होती, ‘‘ट्रॅक्टरात आधी कोयता, बाजरी आन् लेकरं बसत्यात. टाकी कुटं मांडीवर घ्यावी?’’

परतताना मीच म्हटलं, त्या हॉटेलपाशी थांबू. संध्याकाळचे पाच वाजले होते, दुपारची गर्दी ओसरून रात्रीची यायची होती आणि तिची पाळी संपत आली होती. नऊवारी घडी करून खुर्चीवर ठेवलेली, ती साध्या सहावारीत, पायात तेच मोजे. तिनं मला ओळखलं. बोलता बोलता कळलं की तिला रोज चारशे मिळतात, दोन्ही वेळचं जेवण, आणि घरची टाकी ती स्वतःच्या पैशानं भरते. ‘‘कुनाला इचारायचं कारनच काय? मपल्या पैशाची हाय.’’ बोलता बोलता ती चुलीतली अर्धवट जळलेली लाकडं बाहेर ओढत होती. जगमधलं पाणी एकेकावर ओतत होती, चर्र आवाज व्हायचा आणि तो ओल्या राखेचा वास यायचा. विझलेली लाकडं तिनं खताच्या रिकाम्या गोणीत भरायला सुरुवात केली.

‘‘ही कशाला?’’ मी विचारलं. ‘‘घरी तर गॅस आहे म्हणालात.’’

‘‘सासूबाईच्या न्हायाला. तिला गॅसवरचं पानी चालत न्हाई. आन् एवड्या पान्याला टाकी कोन जाळंल?’’ मग तिनं गोणीचं तोंड बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुमच्यात कशावर तापवत्यात?’’

‘‘सोलर आहे.’’

‘‘आन् आभाळ आलं मंजी?’’

‘‘गिझर.’’

‘‘आन् लाइट गेली मंजी?’’

‘‘गॅसवर ठेवतो.’’

ती मोठ्यांदा हसली. ‘‘तुमच्यात तर आमच्यापरीस जास्त चुली हायत की!’’

आत गल्ल्यावर मालक बसला होता. तिनं गोणी डोक्याला लावली तेव्हा त्यानं मान वर केली, गोणीकडे बघितलं आणि पुन्हा नोटा मोजायला लागला. ‘‘नेऊ देतात का?’’ मी हळूच विचारलं. ‘‘देत्यात की,’’ ती म्हणाली. ‘‘फुकटचंच हाय.’’ गोणीच्या एका कोपऱ्यातून अजून धूर येत होता. तिनं ती खाली टेकवली, जगमध्ये उरलेलं पाणी त्या कोपऱ्यावर ओतलं, आणि परत उचलली.